आधी निघायची जागा, मग उतरायची : पुण्याहून कयाक घेऊन निघणाऱ्या नवख्यांसाठी

पावसाळा तोंडावर आला की नव्या मंडळींचे फोन सुरू होतात. कोणी ऋषिकेशला राफ्टिंग करून आलेलं असतं, कोणी कयाकचा, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या छोट्या होडीचा, चार दिवसांचा कोर्स करून आलेलं असतं. प्रश्न सगळ्यांचा एकच : "पुण्याजवळ पाण्यात कुठून उतरता येईल?" पाण्यातून निघायचं कुठे, हे आधी विचारणारा मला अजून भेटायचाय.

उतरायची जागा चुकली तर फार तर पाय चिखलात रुततात आणि रविवार वाया जातो. निघायची जागा चुकली तर नदी नेईल तिथे जावं लागतं. आपल्याकडच्या नद्यांवर पुढे बहुतेक वेळा बंधारा असतो. म्हणून मी नेहमी उलट्या टोकाने सुरुवात करतो. इंग्रजीतले पुट-इन आणि टेक-आउट हे शब्द आमच्यातही चालतात, पण इथे सरळ उतरायची जागा आणि निघायची जागा असंच म्हणतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख वाचून कोणी एकट्याने पाण्यात जायचं नाही. कयाक उलटली की शांत डोक्याने बाहेर येणं, पाठीवर पडून पाय पुढे ठेवून वाहणं आणि दोर फेकून दुसऱ्याला ओढणं, या तीन गोष्टी पोहण्याच्या तलावात आणि संथ पाण्यात घोटलेल्या असल्या पाहिजेत. वाचून येण्यातलं हे काम नाही.

आपलं पाणी

सह्याद्रीत पाणी दोनच ठिकाणांहून येतं : आभाळातून, नाहीतर धरणातून. दोन्हींचा भरवसा वेगवेगळा.

आभाळाचं पाणी घाईचं. डोंगरातला ओढा तासाभरात कमरेपासून डोक्यापर्यंत चढतो आणि पाऊस थांबला की तेवढ्याच घाईने उतरतो. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, घाटमाथ्यावर ढग फुटलेला असतो. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ताम्हिणीला ५५० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. त्याच दिवशी खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावर एकतानगरीच्या घरांत शिरलं. आदल्या दिवशी ओढा पाहून "उद्या मस्त मिळेल" म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी वेगळ्याच नदीसमोर उभा राहतो.

खडक आपला काळा बेसाल्ट, थरावर थर. त्यामुळे आपले ओढे सारख्या उताराने वाहत नाहीत, पायऱ्या उतरतात. अर्धा किलोमीटर पाणी ताटात ठेवल्यासारखं असतं, मग एकदम पुरुषभर किंवा दोन पुरुष खाली. पात्रात रांजणखळगे असतात. निघोजला कुकडीतले पाहायला लोक लांबून येतात, पण लहानसहान खळगे आपल्या बहुतेक खडकाळ पात्रांत सापडतात. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न केला आणि पाय अशा खळग्यात अडकला, तर गुडघाभर पाणीही माणसाला तोंडावर पाडून दाबून धरतं. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर उभं राहायचं नाही, हा नियम म्हणूनच.

घरी बसून करायचं काम

सर्व्हे ऑफ इंडियाचे ओपन सिरीज नकाशे मोफत उतरवून घेता येतात. १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटर उंचीला असतात. तुमच्या पट्ट्यात नदी किती रेषा ओलांडते ते मोजा. दोन किलोमीटरमध्ये तीन रेषा ओलांडल्या म्हणजे ६० मीटर उतार, किलोमीटरला ३०. तो नकाशा घडी घालून ठेवून द्या, ते तुमचं पाणी नाही. माझं मत विचाराल तर नवख्याने किलोमीटरला दहा मीटरच्या वर जाऊ नये. हीसुद्धा सरासरी झाली. पायरीच्या नदीत सरासरी फसवते : आठ मीटर उतार किलोमीटरभर पसरलेला असू शकतो, किंवा एकाच धबधब्यात असू शकतो.

मग उपग्रहाची चित्रं. पूल, साकव, बंधारे, नदीपर्यंत येणाऱ्या बैलगाडीच्या वाटा, काठावरची देवळं, सगळं टिपून घ्या. पण एक लक्षात असू द्या. ही चित्रं बहुधा हिवाळ्यातली नाहीतर उन्हाळ्यातली असतात, कारण जुलैमध्ये ढगांखालचं काही दिसत नाही. चित्रात दिसणारा रुंद वाळूचा काठ पावसाळ्यात नसतो. तिथे करंजाच्या फांद्यांमधून पाणी वाहत असतं.

नवखा नकाशावर पूल दिसला की लगेच बोट ठेवतो : "इथून उतरू, त्या पुलाला निघू." पूल म्हणजे रस्ता, एवढंच खरं. पुलाच्या दोन्ही अंगांना बहुतेक वेळा दगड रचून केलेल्या पिचिंगचा खडा उतार असतो, खांबांना अडकलेलं झाड असतं आणि जुन्या पुलाच्या कॉंक्रीटमधून सळया बाहेर आलेल्या असतात. मी पुलापेक्षा पुलाच्या वरच्या अंगाला शे-दोनशे मीटरवर गुरं पाण्यावर येतात ती जागा शोधतो. जिथे म्हैस आरामात पाण्यातून बाहेर येते, तिथून माणूस कयाक घेऊन बाहेर येऊ शकतो. म्हशीला खडा काठ आवडत नाही आणि जोराची धारही आवडत नाही. तिच्यापेक्षा चांगला सल्लागार मला अजून मिळालेला नाही.

एप्रिल-मेमध्ये पायी

ही पायरी सगळे गाळतात. ती मी सगळ्यात महत्त्वाची धरतो, शिवाय ती फुकट आहे. बारमाही नदीवर कयाक चालवणाऱ्यांना पाण्याखाली काय आहे ते कधीच दिसत नाही. आपले ओढे एप्रिल-मेमध्ये कोरडे पडतात. जुलैमध्ये ज्या पट्ट्यात जायचं आहे तो मे महिन्यात चपला घालून तळाने चालून या.

खालून पोखरलेले खडक दिसतात : वरून गोल, खाली माणूस मावेल अशी पोकळी. पावसाळ्यात पाणी तिथे शिरतं आणि आत घेतलेलं सोडत नाही. पात्रातून आडवं गेलेलं तारेचं कुंपण दिसतं, कारण कोणीतरी दोन्ही काठांची जमीन घेतलेली असते. साकवाची उंची मोजता येते. मागच्या पुरात झाडावर अडकलेला कचरा कुठल्या उंचीला आहे ते बघा. फाटकं प्लास्टिक, पेंढा आणि एखादी साडी जिथे लोंबकळत असते, तिथपर्यंत पाणी आलेलं होतं. मान वर करून ते बघताना जो विचार मनात येतो तो घरी घेऊन जा.

चालताना तीन गोष्टी वहीत लिहायच्या : कुठे उतरता येईल, कुठे निघता येईल, आणि मधेच कुठून पळ काढता येईल. तिसरी गोष्ट कोणी लिहीत नाही. निम्म्यात कोणाचा खांदा निखळला, पाणी चढायला लागलं किंवा वल्हं मोडलं, तर रस्त्यापर्यंत जायची पायवाट कुठल्या काठाला आहे हे ठाऊक असावं लागतं. कयाक तिथेच झाडाला बांधून ठेवता येते. माणूस चालत निघाला पाहिजे.

निघायची जागा कशी निवडायची

खडकाच्या किंवा वळणाच्या आड पाणी उलटं फिरून थबकतं, त्या जागेला एडी म्हणतात. निघायच्या जागी अशी एडी हवी, आणि ती तुमच्या सगळ्या गटाला पुरेल एवढी. एका कयाकपुरत्या एडीत पहिला शिरतो, दुसरा त्याच्यावर आदळतो आणि तिसरा दोघांकडे बघत पुढे निघून जातो. तिसरा बहुधा सगळ्यात नवखा असतो.

दुसरं, त्या जागेच्या खाली काय आहे ते बघायचं. एडी हुकली तर किती संथ पाणी उरतं? निदान दोनशे मीटर साधं पाणी असावं, म्हणजे हुकलेला माणूस पुढच्या काठाला लागू शकेल. धबधब्याच्या किंवा बंधाऱ्याच्या अगदी तोंडावरची जागा कितीही सोयीची असो, ती घ्यायची नाही.

तिसरी गोष्ट खुणेची, आणि ती मी चूक करून शिकलो.

मुळशीकडच्या एका ओढ्यावर आम्ही चौघे. शनिवारी दुपारी निघायची जागा बघून ठेवली. डाव्या काठाला हत्तीच्या पाठीसारखा एक खडक होता, त्याच्या खाली झकास एडी आणि वर चढायला मऊ गवताचा उतार. चौघांनी पाठ केलं : हत्ती दिसला की डावीकडे. रात्री पाऊस झाला. रविवारी सकाळी पाणी हातभर चढलेलं होतं, फार नाही. रंग चहासारखा. आम्ही उतरलो, पाणी सुरेख होतं, वेळ कसा गेला कळलं नाही, आणि हत्ती काही येईना. मग मागून एकाने आरोळी ठोकली. वळून पाहतो तर मागे पाण्याला एक गुळगुळीत फुगवटा आलेला, आणि त्याच्या खाली भोवरा. तो हत्ती होता. पाणी त्याच्या वरून वाहत होतं.

पुढच्या वळणापलीकडे बंधारा आहे हे मला माहीत होतं. डाव्या काठाला करंजाची मुळं पाण्यात उतरलेली होती. एरवी अशा मुळांपासून लांब राहायचं असतं, कारण पाणी त्यांतून आरपार जातं आणि माणूस चाळणीतल्या गाळासारखा अडकतो. त्या दिवशी मुळांच्या खालच्या अंगाला जेमतेम दोन कयाकची संथ जागा होती. तिथे आम्ही चौघांनी एकमेकांच्या कयाका धरून कसंबसं अंग टेकवलं. वरच्या खाचरात भाताची लावणी चालली होती. प्लास्टिकचा कागद पांघरलेले एक मामा ओणवे होते, ते सरळ झाले आणि आमच्याकडे बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "निघायचं कुठं व्हतं?"

मी म्हटलं, "त्या मोठ्या खडकापाशी, मामा."

"पाणी चढल्यावं खडक कसा दिसंल? आंबा बघायचा, आंबा. तो कुठं जातोय?"

खडकाच्या बरोबर वर, काठापासून दहा पावलांवर, शंभर वर्षांचा तरी आंबा उभा होता. शनिवारी आम्ही त्याच्याच सावलीत उभं राहून खडक पाठ केला होता. चिखलातून कयाका खांद्यावर घेऊन परत जायला पाऊण तास लागला. मामांचं वाक्य मात्र दर पावसाळ्यात उपयोगी पडतं.

तर खूण बुडणारी नको. मोठं झाड, देवळाचा कळस, विजेचा खांब, टेकडीवरचा टॉवर घ्या. ती खूण काठावर उभं राहून नाही, पाण्याच्या पातळीवर बसून आणि वरच्या अंगाकडून बघा. काठावरून दिसणारं अर्धं जग कयाकमधून दिसत नाही. एक खूण आधीची ठेवा, "आता तयार व्हा" सांगणारी, आणि एक खुद्द जागेची. शक्य असेल तर जागेवर झाडाला भगवा किंवा लाल कापडाचा तुकडा बांधा आणि परतताना सोडून आणा. आदल्या दिवशी पाहिलेली जागा त्या दिवशी सकाळी पुन्हा बघायचीच, मग अर्धा तास जाऊ दे.

बंधारे

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, म्हणजे केटी वेअर, हा आपल्या नद्यांवरचा सगळ्यात साळसूद दिसणारा धोका. काठावरून बघितलं तर रांगेत दगडी खांब आणि मधे फटी. पावसाच्या आधी फटींतले बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात, पाऊस संपला की पुन्हा बसवून पाणी अडवतात. म्हणजे पावसाळ्यात पाणी फटींतून जोराने घुसतं. फट कयाकच्या लांबीपेक्षा कमी रुंदीची असते. कयाक आडवी झाली की दोन खांबांना टेकते आणि पाणी ती खांबांभोवती वाकवायला लागतं. आत माणूस असतो.

पाणी खूप असलं तर ते बंधाऱ्यावरून वाहतं. तेव्हा तो अधिक वाईट. पाणी वरून सरळ खाली पडतं, तळाला जाऊन वर येतं आणि बंधाऱ्याकडेच परत फिरतं. नैसर्गिक धबधब्याखालच्या उलट्या पाण्याला कुठेतरी तोंड असतं, खडकांच्या वेड्यावाकड्या रचनेतून ते एका बाजूला सुटतं. बंधारा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा बांधलेला, त्यामुळे त्याखालच्या पाण्याला सुटायला वाट नसते. लाइफ जॅकेट घातलेला माणूससुद्धा त्यात फिरत राहतो. त्याला वाचवायला उडी मारणारा दुसरा बळी ठरतो. काठावरून दोर फेकायचा, पाण्यात जायचं नाही.

वरच्या अंगाकडून बंधारा कसा ओळखायचा? पाणी अचानक संथ होतं, रुंदी वाढते, आवाज मावळतो आणि समोर पाण्याची कड फूटपट्टीने आखल्यासारखी दिसते. पात्राच्या या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेघ दिसली की ताबडतोब काठ गाठा. मग उतरून बघा. बंधारा असेल तर कयाक खांद्यावर घेऊन वळसा घाला, मधल्या फटीतून "जमेल वाटतं" हा विचारच नको. साकवांचंही तेच : कयाकमध्ये बसल्यावर डोक्यावर दीड हात मोकळी जागा दिसत नसेल तर खालून जायचं नाही.

याच यादीत मासेमारीची जाळी येतात. पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. कोकणात त्याला वलगण म्हणतात, घाटावर चढणीचे मासे. तेव्हा अरुंद जागी आडवी जाळी आणि बांबूचे सापळे लावलेले असतात. गावातल्या पोरांना "जाळं कुठं लावलंय?" एवढं विचारलं तरी ते हाताला धरून दाखवायला येतात.

उतरायची जागा, आणि गाव

उतरायच्या जागेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. संथ पाणी हवं, खाली निदान पन्नास मीटर दिसलं पाहिजे, आणि पहिला रॅपिड, म्हणजे खळाळ, येण्याआधी अंग सैल करायला, दोन-चार वल्ही मारून बघायला जागा हवी. उतरल्या उतरल्या खळाळात पडायचं असेल तर ती जागा तुमची नाही.

गावाशी कसं वागायचं, यावर मात्र बोललं पाहिजे. नदी सरकारी असेल, पण नदीपर्यंतची वाट कोणाच्या तरी बांधावरून जाते. जून-जुलैमध्ये खाचरात रोपं असतात. बांध अरुंद असतो आणि तुमच्या खांद्यावर पावणेतीन मीटरची प्लास्टिकची होडी असते, वळताना तिचं टोक कुठे जातं ते तुम्हाला दिसत नाही. बांध फुटला तर खाचरातलं पाणी जातं, आणि कोणाची तरी दिवसभराची मेहनतही. आधी घरापर्यंत जायचं, "रामराम" घालायचा, कुठून गेलेलं चालेल ते विचारायचं. आजवर मला नाही म्हटलेलं नाही. न विचारता गेलेल्यांना शिव्या मिळालेल्या पाहिल्या आहेत आणि त्या रास्त होत्या.

गाडी फाटकासमोर किंवा शेतात ट्रॅक्टर वळतो त्या जागी लावायची नाही. काठावर जिथे बायका धुणं धुतात, तिथे कपडे बदलत उभं राहायचं नाही. हे सांगावं लागतं याची लाज वाटते, पण सांगावं लागतं. दशक्रियेचा घाट सोयीचा दिसला, पायऱ्या थेट पाण्यात उतरत असल्या, तरी तिथून उतरायचं नाही. देवराई असेल तर चपला, बाटल्या, वेफर्सची पाकिटं बाहेर. ताम्हिणीचा बराच भाग २०१३ पासून अभयारण्य आहे, तिथे वनखात्याची परवानगी लागते. पावसाळ्यात मुळशी, मावळ भागातल्या धबधब्यांवर आणि ओढ्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. भुशी धरणाजवळ जून २०२४ च्या शेवटी एक कुटुंब वाहून गेलं, त्यानंतर हे आदेश जास्त कडक झाले. "आमच्याकडे हेल्मेट आहे" हे उत्तर तिथे चालत नाही. आदेश असेल तर परत फिरायचं.

गाड्यांचा हिशोब

पाण्यात उतरण्याआधी एक गाडी निघायच्या जागी लावून यायची. त्या गाडीत कोरडे कपडे, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचं पाणी. मग सगळे दुसऱ्या गाडीने वर. किल्ली खालच्या गाडीची कोणाकडे आहे, ते पाण्यात उतरण्याआधी मोठ्याने विचारा आणि ती किल्ली बघा. "असेल गाडीत" हे उत्तर नाही. माझ्या ओळखीचे तिघे भर पावसात स्वतःच्या गाडीच्या काचेतून स्वतःचे टॉवेल बघत दोन तास उभे होते. किल्ली अकरा किलोमीटर वर, दुसऱ्या पँटच्या खिशात होती.

ताम्हिणीच्या परिसरात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. नकाशे आधी उतरवून ठेवा. घरी कोणालातरी नदीचं नाव, दोन्ही गावांची नावं आणि "चारपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळव" एवढं लिहून पाठवा.

पहिली नदी : कुंडलिका

एवढं सगळं वाचून ओढ्यांचा धसका घेतला असेल तर बरंच झालं. पहिली दोन वर्षं ओढ्यांवर जाऊच नका. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळच्या कुंडलिकेवर जा.

तिथलं पाणी खरं तर आपलंच. मुळशी धरणात मुळा नदी अडवलेली आहे. स्वभावाने ते पाणी पुण्याकडे यायचं, पुढे भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळायचं. टाटांनी १९२० च्या दशकात धरण बांधून ते पश्चिमेला वळवलं. या धरणात जमिनी जाणार म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, १९२१ मध्ये तो सुरू झाला होता. आज ते पाणी सह्याद्रीची कड उतरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं, वीज देतं आणि कुंडलिकेतून रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. पुण्याचा माणूस कोलाडला जाऊन मुळेच्याच पाण्यावर वल्हं मारतो.

याचा फायदा असा की हे पाणी पावसावर फारसं अवलंबून नाही. वीजनिर्मितीसाठी पाणी सुटतं, बहुधा सकाळी, आणि काही तास टिकतं. राफ्टिंगवाल्यांचा पट्टा साजे गावाकडून कामतपर्यंत, साधारण १२ किलोमीटरचा. रॅपिड दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे नवख्याला घाम फोडणारे पण सुधारायला वाव देणारे. पहिल्यांदा राफ्टमध्ये बसूनच जा. पुढे कयाकने यायचं आहे हे मनात ठेवून प्रत्येक वळणाला डोळे उघडे ठेवा : कुठे काठाला लागता येतं, रस्ता कुठल्या बाजूला आहे, वाटाड्या कुठल्या खडकापासून लांब राहतोय. कयाकने जाल तेव्हा शिकवणारा माणूस बरोबर हवा.

चांदणी चौकातून पहाटे पाचला निघा. पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे आणि तिथून कोलाडच्या रस्त्याला. तीन तास धरा, पावसाळ्यात जास्त. दरड पडून घाट बंद होतो, म्हणून निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते बघा.

पाण्याची वेळ आदल्या दिवशी तिथल्या राफ्टवाल्यांना विचारा. विजेची मागणी, दुरुस्ती, पावसाचा जोर, कशानेही ती बदलते. पाणी सुटायच्या आधी पात्रात दगड उघडे असतात. त्यांवर बसून डबा खायचा मोह होतो. खायचा तर काठावर. सुटलेलं पाणी गाजावाजा करत येत नाही. दगडांमधून आधी ओलसर रेघा सरकतात, मग पाय भिजतात, आणि तुम्ही उठून चपला शोधेपर्यंत मधला दगड बेट झालेला असतो.

उतरायच्या जागी सकाळी राफ्टची रांग लागलेली असते. तिथे पोटापाण्याचा धंदा चालू आहे हे लक्षात घेऊन कयाका एका कडेला ठेवा, त्यांच्या राफ्ट जाऊ द्या आणि मागोमाग निघा. मागे राफ्ट, पुढे तुम्ही, असं नको. उलटलात तर राफ्ट थांबू शकत नाही. फार रेंगाळूही नका. पाणी बंद झालं की त्याचं शेपूट तुमच्या मागून येत असतं. शेवटचे दोन किलोमीटर दगड घासत जायचे नसतील तर मधे पोहायला थांबू नका.

कामतच्या पुढे नदी पसरते, संथ होते. "अजून थोडं जाऊ" असं सगळ्यांनाच वाटतं. खाली कोलाडच्या अंगाला डोलवहाळचा बंधारा आहे. बंधाऱ्यांबद्दल वर लिहिलेलं आठवा आणि ठरलेल्या जागीच निघा.

पाण्याकाठचे पाच मिनिटांचे काम

कुठल्याही नदीवर, उतरण्याआधी पाण्याच्या कडेला एक काडी रोवा. कयाका उतरवणं, स्प्रे स्कर्ट (कयाकचं तोंड झाकणारा कमरेचा पडदा) चढवणं, हेल्मेटचे पट्टे आवळणं, यात पंधरा मिनिटं जातात. मग काडी बघा. काडी पाण्यात उभी असेल तर नदी चढते आहे. नितळ पाणी गढूळ झालं, पानं आणि काटक्या वाहायला लागल्या, तर काडी न बघताही निघा, गाडीकडे. धरणाच्या खालची नदी असेल तर जलसंपदा विभागाचा विसर्गाचा आकडा बघायची सवय लावा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. दर वेळी आकडा आणि पुलाच्या एकाच खांबाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवत गेलात, तर दोन पावसाळ्यांत "पाच हजारला हा खांब इथपर्यंत बुडतो" हे तुमच्या डोळ्यांनाच कळायला लागेल.

खुणा ठरवून घ्या. शिट्टी एकदा : इकडे बघा. तीनदा : संकट. वल्हं उभं धरलं : या. आडवं धरलं : थांबा. सगळ्यात अनुभवी माणूस पुढे, दुसरा सगळ्यांत शेवटी, दोघांकडेही फेकायच्या दोराची पिशवी. दर एडीत डोकी मोजा.

निघाल्यावर पाय साबणाने धुवा आणि जखमा बघा. भातखाचरांमधून आलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. त्याचा ताप बहुतेक वेळा एक ते दोन आठवड्यांनी येतो आणि तोवर नदीचा विसर पडलेला असतो. ताप आला तर डॉक्टरांना आपण पाण्यात उतरलो होतो हे आपण होऊन सांगा.

चहा घेतल्यावर कोणाला घाई नसते, पण चारच्या आत घाट चढायला लागा. ताम्हिणीत पावसाळ्यात संध्याकाळी धुकं उतरलं की छतावर चार कयाका बांधलेली गाडी पहिल्या गिअरमध्येच चालवावी लागते. आणि झाडाला बांधलेलं लाल कापड सोडून घेतलं का, ते गाडी सुरू करण्याआधी विचारा.